बाटलीतलं खळं

माझी भाची चौथीत आहे आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती चिमण्यांवर रुसली होती. तासाभरासाठी नाही, चांगले तीन दिवस.

झालं असं की, भोरच्या आमच्या घरी बसून तिने कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीपासून पाखरांची खानावळ बनवली. बाटलीला पेन्सिल जाईल एवढी चार भोकं पाडली, बाहेरून सोनेरी कागद चिकटवला, त्यावर आईच्या टिकल्या लावल्या आणि आत भात भरला. शिजवलेला नव्हे हं! आमच्या मावळात शेतातल्या, टरफलासकट असलेल्या साळीलाही भातच म्हणतात. मग ती खानावळ मांडीवर घेऊन आम्ही एसटीने निघालो. भोरहून कापूरहोळ, चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी आणि वेल्हे. या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण कंडक्टरकाकांकडे आम्ही तिकीट मागितलं ते वेल्ह्याचंच. तोरण्याच्या पायथ्याशी एका वाडीत भाचीची आजी राहते. आजीच्या अंगणात उंबर आहे. त्याच्या एका फांदीला खानावळ टांगली आणि आम्ही ओटीवर दबा धरून बसलो.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक मुंगळा आला. तिसऱ्या दिवशी भाचीने खानावळीत फराळाचा चिवडा टाकून पाहिला, तरीही कुणी फिरकलं नाही.

आणि गंमत म्हणजे तिथून दहा पावलांवर, आजीच्या दारात, नुसता कलकलाट चालला होता. दसऱ्याला आजीने झेंडूच्या तोरणात भाताच्या लोंब्या ओवल्या होत्या. झेंडू कधीच सुकून गेला होता, लोंब्या मात्र तशाच लटकत होत्या आणि सात-आठ चिमण्या त्यांना लोंबकळून दाणे टिपत होत्या. आमच्या डोक्यावर! भाची म्हणाली, "मामा, मी एवढं छान हॉटेल काढलं आणि ह्या बघ कशा रस्त्यावरच्या गाडीवर खातायत."

आजी हसली. म्हणाली, "आगं, तुझं हाटेल त्यांनी कधी बघितलंय? हे तोरण त्यांच्या आज्या-पणज्यांपासनं हाय."

आता यात आजीने जे सांगितलं ना, त्यात निम्मं पक्षिविज्ञान आलं. पाखरं नव्या वस्तूला घाबरतात. रानात काल नव्हती अशी वस्तू आज दिसली, तर ती साप असू शकते, फासा असू शकतो. म्हणून आधी लांबून बघायचं, मग थोडं जवळून, मग एखाद्या धाडसी चिमणीने जाऊन यायचं, आणि ती जिवंत परत आली की बाकीच्यांनी जायचं. यात कधी दोन दिवस जातात, कधी दोन-तीन आठवडे. त्यात आमची खानावळ चकचकीत, टिकल्यांनी चमचमणारी, वाऱ्यावर गोल गोल फिरणारी. मी चिमणी असतो तर मीही गेलो नसतो.

एकदा मात्र एकीला जमलं की बाकीच्यांना फार वेळ लागत नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी दूधवाले दुधाच्या बाटल्या दाराशी ठेवून जात. १९२१ साली साउदॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंग गावात काही टिट पक्षी या बाटल्यांची झाकणं चोचीने उचकटून वरची साय खाताना दिसले. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ही चोरी ब्रिटनभर पसरली. टिट हा आपल्या चिमणीहूनही छोटा पक्षी. शाळा नाही, पुस्तक नाही, तरी शेजाऱ्याला झाकणाशी खटपट करताना पाहून विद्या पसरत गेली.

लोंब्यांकडे वळू या, कारण तिथे फार मजा आहे. बोट ओठावर ठेवा आणि एकाच चिमणीकडे बघत राहा. ती लोंबी पायात पकडते, एक दाणा तोडते आणि चोचीत आडवा धरते. मग चोच अगदी भराभर उघडमीट करते, दाणा चोचीच्या कडेला गरगर फिरतो, आणि खटकन टरफलाचे दोन तुकडे दोन बाजूंनी खाली पडतात. तांदूळ पोटात. पुढचा दाणा! दारातल्या उंबऱ्यावर तुसाचा असा सडा पडला होता की आजीला दिवसातून दोनदा केरसुणी फिरवावी लागत होती. आजी सुपात जे काम करते, पाखडून तूस वेगळं काढायचं, तेच काम चिमणी तोंडातल्या तोंडात करते. तिच्याकडे त्यासाठी खास हत्यारही आहे. चिमणीच्या जिभेत एक छोटंसं जास्तीचं हाड असतं. बहुतेक पक्ष्यांना ते नसतं. या हाडामुळे जीभ ताठ होते आणि कडक दाणा चोचीच्या धारेवर दाबून धरता येतो. दात नाहीत म्हणून काय झालं! पुढचं दळण पोटात होतं, तिथल्या जाड भिंतीच्या पिशवीत, चिमणीने आधी गिळून ठेवलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने. म्हणजे जातंही तिच्यापाशीच आहे.

दाराला धान्य बांधायची ही रीत फक्त आपलीच नाही. दूर नॉर्वेत, जिथे नाताळात सगळं बर्फाने झाकलेलं असतं, तिथे लोक ओटची पेंढी काठीला बांधून अंगणात उभी करतात, पाखरांसाठी. तिला 'यूलेनेक' म्हणतात. शिवरायांनी स्वराज्याचं तोरण बांधलं तो किल्ला आजीच्या घरामागे आणि पाखरांसाठीचं तोरण तिच्या दारात. भाचीला हे फार आवडलं आणि तिचा रुसवा जरा उतरला.

पण बाटलीचा प्रश्न राहिलाच होता. मी बाटली खाली उतरवली आणि हलवली, तर भोकांतून एक दाणा बाहेर येईना. साळीचे दाणे खरखरीत, टोकदार. पेन्सिलच्या भोकाशी तीन-चार दाण्यांनी एकमेकांना असं अडवलं होतं की जणू दगडी कमानच झाली होती. मागचे सगळे दाणे त्या कमानीवर टेकलेले. म्हणजे समजा एखादी चिमणी आलीही असती, तरी तिला काय मिळालं असतं? चिवडा. आणि तो तिने खाऊ नये हेच बरं. एवढं मीठ पाखरांच्या इवल्याशा पोटाला झेपत नाही.

मग आम्ही खळ्यावर गेलो. तिथे भाताची झोडणी संपून उफणणी चालली होती. सुपातून भात खाली पडत होता आणि खाली रास वाढत होती. जरा विचार करा, रास वाढताना नेमकं काय होतं? ती उंच होते, पण अधिक उभी होत नाही. वरून कितीही भात ओता, उतार एका ठरावीक तिरपेपणाला आला की पुढचे दाणे सरळ घसरून पायथ्याशी जातात. रास छोटी असो की पोत्याएवढी, तिरपेपणा तोच. घरी हे करून बघा. वर्तमानपत्रावर एका जागी हळूहळू बाजरी ओता आणि कंपासपेटीतला कोनमापक बाजूला उभा धरा. तीस अंशांच्या आसपास उतार सापडेल. मग तेच साळीने करा. ती रास थोडी जास्त उभी राहते, कारण खरखरीत दाणे एकमेकांना धरून ठेवतात आणि गुळगुळीत बाजरी घसरते.

आणि हाच तर बाटलीचा नळ!

भोरला परतल्यावर आम्ही दुसरी खानावळ केली. तेलाची रिकामी बाटली साबणाने धुऊन वाळवली. बाटली उभीच ठेवायची, उलटी नाही. तळापासून अर्ध्या बोटावर, सगळीकडून मिळून चार भोकं पाडायची, अंगठा जाईल एवढी. अडकाअडकी नको असेल तर भोक दाण्याच्या निदान पाच-सहापट रुंद हवं. दाभण गॅसवर तापवून प्लॅस्टिकला भोक पाडता येतं, पण हे काम घरातल्या मोठ्या माणसाचं, तुम्ही फक्त हुकूम सोडायचा. (आमच्याकडे मी दाभण धरलं आणि भाचीने हुकूम सोडले. बोट माझं भाजलं.) भोकांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर पाखराच्या पायाला कापेल. बाटलीखाली बसी हवी. आम्ही श्रीखंडाच्या मोठ्या डब्याचं झाकण घेतलं आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून त्याला सुईने बारीक छिद्रं पाडली. आता एक लांब सुतळी घ्या. तिच्या टोकाला जाडजूड गाठ मारा. ही सुतळी बसीच्या मधल्या भोकातून, मग बाटलीच्या तळातून, मग बाटलीच्या पोटातून वर, आणि शेवटी बुचाच्या भोकातून बाहेर काढा. वर ओढलं की गाठ बसीला घट्ट धरते आणि सगळं एका दोरीवर लटकतं. धान्य भरायचं असेल तेव्हा बूच सुतळीवरून वर सरकवायचं. छप्पर म्हणून वर एक नारळाची करवंटी उपडी ओवली. सोनेरी कागद नाही, टिकल्या नाहीत. भाचीने थोडी कुरकुर केली.

मग बाजरी ओतली. चारी भोकांतून ती सुरसुर बाहेर आली, बसीत प्रत्येक भोकापाशी एक छोटी रास झाली, राशीचा उतार भोकाच्या वरच्या काठाला टेकला, आणि धार थांबली. आपोआप! ना दार, ना कडी. बाजरीनेच बाजरीचं दार लावलं. बोटाने थोडी बाजरी बाजूला सारली, तर तेवढीच पुन्हा बाहेर आली आणि पुन्हा दार बंद. भाचीने हा उद्योग इतक्या वेळा केला की अर्धी बाटली जमिनीवर रिकामी झाली. शास्त्रज्ञांचंही असंच होत असणार.

पाण्याला मात्र ही युक्ती चालत नाही. पाण्याची रास होत नाही. त्यासाठी हवेला कामाला लावावं लागतं. मातीची पसरट थाळी घ्या, पाण्याने भरलेली बाटली तिच्यात उपडी धरा आणि बाटलीचं तोंड तळापासून बोटभर वर राहील अशी खांबाला बांधा. थाळीतलं पाणी तोंडापर्यंत चढलं की बाटलीतलं पाणी थांबतं. बाहेरची हवा थाळीतल्या पाण्यावर दाब देत असते, आणि त्या दाबाने बाटलीतलं पाणी वर तोलून धरलेलं असतं. पाखराने पाणी प्यायलं, पातळी तोंडाखाली गेली, की एक बुडबुडा गुळुक करून आत शिरतो आणि तेवढंच पाणी खाली येतं. हवेचा हा जोर केवढा? इटलीतल्या टोरिचेलीने १६४३ साली पाऱ्यावर प्रयोग करून तो मोजायची वाट दाखवली. हिशेब केला तर हवा सुमारे दहा मीटर उंच पाण्याचा खांब तोलू शकते, म्हणजे तीन मजली घराएवढा. आपल्या लिटरभर बाटलीचं तिला काय! थाळी उथळ असू द्या, इंचभर पाणी पुरे, आणि ते रोज बदला. आठवडाभर साचलेलं पाणी म्हणजे डासांचं बाळंतघर.

बाजरी खायला कोण येणार? जाड, त्रिकोणी, दाणे फोडायच्या चोचीवाले. चिमण्या, होले, शेताजवळ घर असेल तर मुनिया. आमच्या अंगणातल्या बुलबुलाने बाजरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची चोच बारीक, त्याला फळं आणि किडे लागतात. म्हणून आम्ही आणखी एक करवंटी तीन दोऱ्यांवर तराजूच्या पारड्यासारखी टांगली आणि तिच्यात पिकलेल्या पपईची फोड ठेवली. दुसऱ्या दिवशी लालबुड्या बुलबुलांची जोडी हजर! तिसऱ्या दिवशी खार आली आणि करवंटीत बसूनच राहिली. शिंजिराला तर यातलं काहीच नको, त्याची वाकडी लांब चोच फुलात जाते. त्याच्यासाठी बाटलीत साखरपाणी भरू नका, जास्वंदीचं एक झाड लावा, पुरे.

कबुतरांना मात्र खानावळीत बोलवायचं नाही. एकाच जागी पोतंभर दाणे पडले की त्यांची फौज जमते, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसांच्या फुप्फुसांना त्रास देते. म्हणूनच २०२५ साली मुंबईत दादरचा जुना कबुतरखाना बंद करावा लागला आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. आपली बसी छोटी असते, झुलती असते, चिमणीला ती झोक्यासारखी वाटते आणि लठ्ठ कबुतराला तिथे बसताच येत नाही.

आता वेल्ह्याच्या पावसाची गोष्ट. तिथे जुलैत सूर्य दिसला की लोक एकमेकांना हाक मारून दाखवतात. अशा हवेत धान्य भिजलं की दोन दिवसांत बुरशी. बुरशीला हसू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले आणि कशाने ते कुणालाच कळेना. शोध घेतल्यावर कळलं की त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती. त्या बुरशीतल्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव त्यानंतरच मिळालं. तेव्हा खवट, काळे पडलेले शेंगदाणे 'पाखरांना चालतील' म्हणून टाकू नका. जे आपण खाणार नाही, ते त्यांनाही नको. खानावळ आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवायची. ब्रिटनमध्ये २००५-०६च्या सुमारास ग्रीनफिंच नावाचे हिरवे पक्षी एका घशाच्या रोगाने फार मोठ्या संख्येने मेले. घाणेरड्या बश्या आणि थाळ्यांवर गर्दी झाली की तो रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दारावरच्या लोंब्यांना हे दुखणं नाही, कारण तिथे एकाने उष्टावलेला दाणा दुसऱ्याच्या वाट्याला येतच नाही. आजीचं तोरण इथेही पुढे!

एक कबुली देतो. आम्ही पहिली खानावळ लावली ती वेळच चुकली होती. दिवाळीत खाचरांत भात सांडलेला, खळ्यावर भात, दारात भात. गावजेवण चालू असताना डबा कोण उघडतं? पाखरांना खरी ओढ लागते ती उन्हाळ्यात, रानं करपतात आणि ओढे आटतात तेव्हा. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो ना, तो २०१०पासून साजरा होतो, आणि ती कल्पना नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीची. नाशिकची चिमणी जगभर गेली. नोव्हेंबरात, ५ ते १२ तारखांना, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची, ज्यांनी आपल्याला मराठीत 'पक्षिकोश' दिला, आणि १२ तारीख पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवसाची. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत खानावळ बनवायची आणि मार्चात ती भरायची, असा आमचा बेत ठरला.

आणखी एक गोष्ट भाचीला पटता पटेना. चिमणीची पिल्लं बाजरी खातच नाहीत. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस त्यांना मऊमऊ अळ्या आणि किडे लागतात. चिमणा-चिमणी दिवसभर तेच वेचून आणतात. बाटलीत अळ्या कुठून आणणार? आजीच्या गोठ्यामागे मात्र उकिरडा आहे, बांधावर गवत आहे, परसात भेंडी आहे, आणि तिथे किड्यांना तोटा नाही. भाची म्हणाली, "म्हणजे आजीचा उकिरडा पण खानावळ?" हो, आणि बाळांसाठीची खास! शहरात राहणाऱ्यांनी निदान एका कुंडीत गवत वाढू द्यावं, एवढं मी सुचवेन.

मार्चात बाटली भरली. अकराव्या दिवशी सकाळी भाचीचा फोन, पलीकडून अगदी कुजबुज, जणू चिमण्यांना फोनवरचं ऐकू जाईल. "मामा, आली." मग ती रोज वहीत लिहू लागली. कोण आलं, किती वाजता, कोण कुणावर धावून गेलं. आठवड्याने तिच्या लक्षात आलं की नराच्या गळ्याखाली जो काळा डाग असतो ना, तो ज्याचा मोठा, त्याला बाकीचे नर बसीवर वाट करून देतात. तो डाग म्हणजे हवालदाराचा बिल्लाच. असं काही पक्षिशास्त्रज्ञांनीही म्हटलं आहे, पण ते मी तिला आधी सांगितलं नव्हतं. अजून सांगितलेलं नाही.

चिमण्या खातात त्याच्या बरोबरीने सांडतातही. बसीखालची जमीन मे महिन्यापर्यंत बाजरीने रांगोळी घातल्यासारखी दिसत होती. जूनमध्ये पाऊस आला, पाठोपाठ खाली हिरवे कोंब आले, आणि आम्ही मुद्दाम उपटले नाहीत. श्रावण संपता संपता त्यातल्या पाच-सहा ताटांना कणसं धरली, बोटभर लांब, केसाळ. आता चिमण्या बाटलीकडे जात नाहीत. त्या थेट कणसावर बसतात, ताट वाकून जमिनीला टेकतं, आणि भाची माझ्याकडे बघून विचारते, "मामा, आता बाटलीचं काय करायचं?"